पुलावरचं वारं

फौंड्रीत नोकरी केली म्हटलं की लोक एकच प्रश्न विचारतात. "भट्टीपाशी उकडत नव्हतं का हो?" लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पाहुणा विचारतो, दवाखान्यात डॉक्टर विचारतात, माझी मुलगी सांगलीला दिली तेव्हा व्याह्यांनीही पहिल्या भेटीत हेच विचारलं होतं. मी "उकडायचं की" म्हणतो आणि विषय तिथंच संपतो. थंडी कशी वाजायची, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या नोकरीतली थंडीच जास्त आठवते. उकाडा आम्हा सगळ्यांना मिळून होता. थंडी शेवटी शेवटी माझ्या एकट्याच्या वाट्याला आली, म्हणून असेल.

कोल्हापूरची थंडी ती काय थंडी, असं म्हणून कुणी हसेल. हसू दे. त्यानं एकदा रात्रभर वितळलेलं लोखंड ओतून घामानं निथळत बाहेर पडावं आणि सकाळी सातला शिरोली एमआयडीसीतून सायकलवर टांग टाकून शिये फाट्यावरून कसबा बावड्याला यावं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि उसाला रात्री पाजलेलं पाणी. ओल्या उसातून येणारा गारवा अंगाला चिकटतो. तो सहन करून पुढं आलं की पंचगंगेचा पूल. तिथं ऊस नाही, झाड नाही, आडोसा नाही. नदीवरनं येणारं वारं सरळ बरगड्यांत शिरतं. ते ज्यानं खाल्लंय त्यानं मग मला महाबळेश्वरच्या गप्पा सांगाव्यात.

बाहेरच्या माणसाला वाटेल, रात्रपाळी कशाला करायची? तर आमच्या भट्ट्या विजेवर चालतात आणि वीज रात्री स्वस्त पडते. म्हणून लोखंड रात्री वितळायचं आणि माणसं सकाळी गोठायची. मी ओतकामाला होतो. भट्टीतून लोखंडाचा रस बादलीत घ्यायचा, बादली क्रेनला लटकवून साच्यांच्या रांगेवरून न्यायची आणि एकेका साच्यात धार सोडायची. धार तुटली तर माल वाया जातो, फार जोरात पडली तर साच्यातली वाळू खचते. हात थरथरून चालत नाही. रात्रीत बनियन इतक्या वेळा भिजायचं आणि अंगावरच वाळायचं, की सकाळी त्यावर मिठाचा नकाशा उमटलेला असायचा.

आता यात गंमत अशी, की भट्टीवरून उठलेल्या माणसाला थंडी वाजतच नाही. अंगात ऊब मुरलेली असते. तो शर्टाची बटणं उघडी टाकून शीळ वाजवत गेटाबाहेर पडतो. फाट्यापर्यंत त्याला वाटतं, आपल्यासारखा पैलवान आपणच. ऊस सुरू झाला की शीळ थांबते. पुलावर आला की बनियनमधला घाम बर्फासारखा होतो आणि दात वाजायला लागतात. ही चूक फौंड्रीवालाच करू जाणे. शेतातला माणूस थंडीत घोंगडं घेऊनच बाहेर पडतो, हाफिसातला माणूस स्वेटर घालून निघतो. भट्टीवरचा माणूस मात्र थंडीशी ओळखच नसल्यासारखा जातो.

आमच्यात सदा म्हणून एक होता, बावड्याचाच, तालमीत वाढलेला. पहिल्याच हिवाळ्यात त्यानं जाहीर केलं, "आमाला थंडी वाजत न्हाय. आमी गार पाण्यानं आंघुळ करतोय बारा महिनं." आणि ओल्या बनियनवर निघाला. पुलावर त्याचा जबडा असा काही आखडला, की "थांबा" म्हणायचं होतं ते नुसतं "था, था" येत राहिलं. पलीकडं ऊसतोड्यांची शेकोटी पेटली होती. त्यात आम्ही त्याला जवळजवळ ढकललाच. ऊसतोड्यांची एक म्हातारी त्याच्याकडं बघत म्हणाली, "दूध पितंय काय अजून?" पुढं कितीतरी दिवस सदाला कुणी नावानं हाक मारली नाही, नुसतं "था, था" म्हणायचे.

या सगळ्या प्रकारात आमचे गुरू होते बसूअण्णा. कागलच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावचे लिंगायत. बावड्यात खोली घेऊन राहायचे. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. घरात कानडी, बाहेर मराठी आणि रागावले की दोन्ही. मला पहिल्या दिवसापासून 'तम्मा' म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. ते कोअर विभागात होते. पंपात किंवा इंजिनात आतली पोकळी हवी असते, तेवढ्या आकाराचा वाळूचा गाभा बनवून साच्यात ठेवावा लागतो, त्याला कोअर म्हणतात. ओतकाम झाल्यावर तो फोडून काढतात. ती वाळू कोरडी खडखडीत असते आणि सकाळपर्यंत चांगली ऊन राहते. बसूअण्णांचं सारं शास्त्र या वाळूवर उभं होतं.

जुन्या पँटचे खिसे कापून घ्यायचे. खिसा म्हणजे आयती पिशवी. त्यात कोअरची ऊन वाळू भरायची, तोंड शिवायचं आणि ती पिशवी बनियनच्या आत, बेंबीच्या वर बांधायची. "पोट गरम तर हात गरम," अण्णा सांगायचे. "हातमोजं घालून हात गरम हुत न्हाईत, तम्मा. रक्त पोटातनं जातंय." एका नव्या पोरानं घाईत साच्याची काळी वाळू भरली होती. त्या वाळूत पाणी असतं. फाट्यापर्यंत त्याच्या पोटातून वाफ निघत होती आणि पुलावर त्याच वाफेचं गार पाणी झालं. अण्णांनी त्याला कानडीतून ज्या शिव्या दिल्या त्या मला आजही समजत नाहीत, पण पाठ आहेत.

बाकीचे नियमही त्यांचेच. भट्टीवरून उठल्याबरोबर निघायचं नाही, घाम आधी आतच मरू द्यायचा. ओलं बनियन काढायचं, अंग खरखरून पुसायचं, कोरडं घालायचं. छातीवर वर्तमानपत्र घालायचं, तेही रविवारची पुरवणी, ती जाड असते. राजकारणाचं पान बाहेरच्या अंगाला, म्हणजे वारं तिथंच अडतं, असा एक विनोद आमच्यात चालायचा. पायमोज्यावर दुधाची धुतलेली पिशवी आणि मग बूट. मनगटाला माझ्या बायकोनं, सुमननं, जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून पट्ट्या करून दिल्या होत्या. सगळ्यांनी त्या बघितल्या आणि तिला सगळ्यांसाठी कराव्या लागल्या. बावड्यातल्या निम्म्या घरांतल्या स्वेटरांना त्या वर्षी बाह्या राहिल्या नाहीत.

एक नवा सिक्युरिटी अधिकारी आला, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. मिशा अशा, की गेट त्यांच्याच आधारानं उभं आहे असं वाटावं. पहिल्याच सकाळी त्यानं बसूअण्णांच्या पोटावर हात मारला.

"हे काय?"

"वाळू."

"कंपनीचा माल बाहेर जाणार नाही."

"अवो सुभेदार, ही वाळू ट्रॉल्या भरून टाकून देत्यात."

"ट्रॉलीतनं जाऊ दे. पोटावरनं जायची नाही. आम्ही सियाचीनला काढलीय नोकरी, आम्हाला थंडी सांगू नका."

मागं रांग लागलेली. अण्णांनी शांतपणे पिशवी सोडली आणि त्याच्या हातात दिली. "धरा मग. जमा करून घ्या." सुभेदारानं धरली. पहाटेपासून गेटावर उभा होता बिचारा. ती पिशवी त्यानं टेबलावर ठेवली नाही, दुसऱ्या हातात घेतली, मग परत पहिल्या हातात. आम्ही निघालो तेव्हा ती त्याच्या कोटाच्या आत गेली होती. दुसऱ्या दिवशीपासून अण्णा दोन पिशव्या भरायला लागले, एक स्वतःची आणि एक गेटाची. मालाचा विषय पुन्हा निघाला नाही.

पण वाळू, कागद, बाह्या ही सगळी वरवरची मलमपट्टी झाली. खरी ऊब होती ती रांगेची. आम्ही दहा-बारा जण एका रांगेत निघायचो. पुढचा वारं अंगावर घ्यायचा, बाकीचे त्याच्या पाठीआड. फाट्यावर पुढचा बदलायचा, उसाचा रस्ता अर्धा झाला की परत बदलायचा. पूल सर्वांत वाईट, म्हणून तिथं रात्री ज्याचं काम हलकं झालं असेल तो पुढं. "आज पुलाला कोण?" असं गेटावरच विचारलं जायचं आणि नाही म्हणायची पद्धत नव्हती. ज्याला ताप-खोकला असेल त्याला मधे घ्यायचे. त्यानं नको म्हटलं तरी घ्यायचे. पुढच्याची पाठ दोन हातांवर, तिच्यातून घामाचा आणि तंबाखूचा वास येतोय, मागं कुणीतरी बोलतंय, अशा वेळी पूल कधी गेला ते कळायचं नाही.

पुढं मोटारसायकली आल्या. सर्वांत आधी आमच्या पैलवानानं, सदानं घेतली. मग एकेक करून सगळ्यांनी. यात कुणाचं काही चुकलं नाही, चालवायला जमली असती तर मीही घेतली असती. सदानं मला शिकवायचा प्रयत्नही केला. मी गाडी चालू केली आणि थेट शिरलो उसात. सदा म्हणाला, "भूपा, तू सायकलच मार. तोडणी सुरू व्हायला अजून वेळ हाय."

मग कंपनीनं बस सुरू केली, शियेवरून बावडा आणि पुढं शहरात जाणारी. पण मला बस लागते. लहानपणापासून लागते. जोतिबाला जाताना आईला माझ्यासाठी वेगळी पिशवी घ्यावी लागायची. तरी एक दिवस बसलो. शिये गाव यायच्या आत ड्रायव्हरनं गाडी थांबवून मला उतरवलं आणि क्लीनर बादली घेऊन माझ्यामागं उतरला. त्यानंतर बसचं नाव मी काढलं नाही आणि बसवाल्यांनी माझं.

शेवटी रांगेत दोघंच उरलो, मी आणि बसूअण्णा. त्याच वर्षी सुमन गेली. काविळीचं निमित्त झालं. मुलीचं लग्न आधीच झालेलं. सकाळी घरी आलो की कुलूप उघडायचं, स्टोव्ह पेटवायचा आणि आपला चहा आपणच प्यायचा. दिवसभर झोपायचं, रात्री भट्टीच्या आवाजात काम करायचं. भट्टीपाशी माणसं हातवारे करून बोलतात, तिथं गप्पा होत नाहीत. चोवीस तासांत माणसासारखं बोलणं व्हायचं ते शिये फाटा ते बावडा, एवढंच. अण्णा मागनं बोलत असायचे. सुनेचं, पावसाचं, त्यांच्या गावच्या जत्रेचं. मी पुढं वारं घेत "व्हय, व्हय" करायचो. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

आणि नेमकी अण्णांची छाती बिघडली. कोअरच्या वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षं आत गेलेली, त्यात थंडी. डॉक्टरनं सांगितलं, गार वारं छातीवर घ्यायचं नाही. त्यांचा मुलगा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला होता. त्यानं बजावलं, "अप्पा, सायकल बंद. बसनं जायचं." अण्णांनी त्याला सांगितलं, "तम्माला बस लागतीया." मुलगा म्हणाला, "त्याला लागती, तुमाला कुठं लागती?" दुसऱ्या दिवशी अण्णा सायकल घेऊन माझ्या दारात हजर.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? त्या हिवाळ्यात मी त्यांची बडदास्त नव्या सुनेसारखी ठेवली. दोन पिशव्या पोटाला, एक पाठीला. माझा मफलर त्यांच्या मफलरावर. पूर्ण रस्ता मी पुढं आणि वेग इतका कमी, की दूधवाले आम्हाला मागं टाकून जायचे. जाताना म्हणायचे, "पावणं, वरात हाय काय?" मी मागं वळून बघायचो नाही, कानांनी ऐकायचो. खोकला आला की पाय हळू करायचे, थांबला की परत मारायचे.

एके दिवशी धुकं जास्त होतं. पुलाच्या मध्यावर खोकला आला आणि थांबेना. मी वळून बघितलं तर अण्णा सायकलवरून उतरून कठड्याला धरून उभे. सायकल रस्त्यावर आडवी. पाठीमागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न मारत आला, मी ती बाजूला ओढली. अण्णांचे ओठ निळे पडले होते. श्वास घेताना आत शिट्टी वाजत होती.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "चल की. आलो."

मी म्हणालो, "अण्णा, उद्यापास्नं बसनं या."

"आणि तू?"

"मी येतो की. मला सवय हाय."

"कशाची सवय? घरात बी कोण न्हाय, रस्त्याला बी कोण न्हाय. सवय म्हणं." त्यांनी सायकल ओढून घेतली. "मी येणार. माजी छाती हाय, मी बघतो."

सरळ सांगून हा माणूस ऐकायचा नाही, हे मला ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचे ते ओठ होते. मी तोंड दुसरीकडं केलं आणि म्हणालो, "तुमचं जाऊ द्या, माजं बगा. तुमाला मागं घिऊन सायकल मारायची म्हंजे माझा जीव जातोय. घरला पोचायला उशीर. मला बी वय झालं. एकटा असलो की बिगी बिगी जातोय."

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग "बरं" म्हणाले. पुलापासून बावड्यापर्यंत आम्ही चालत आलो, सायकली हातात धरून. त्यांच्या बोळाशी आल्यावर ते न सांगता वळले.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा बसनं जाऊ लागले. गेटावर "आज पुलाला कोण?" असं विचारायला कुणी नव्हतं. सुभेदार नुसता मान हलवायचा. पुलावर पुढंही मीच आणि मागंही मीच. पोटाला वाळू बांधलेली असायची, छातीवर कागद, मनगटाला सुमनच्या पट्ट्या, तरी गारठा हटायचा नाही. पूर्वी इतक्याच थंडीत मी गाणी म्हणत आलो होतो. मला तेव्हा कळलं, की नुसत्या कपड्यांनी माणूस ऊबदार राहतो ही समजूत चुकीची आहे.

चौथ्या-पाचव्या दिवशी पुलावर असताना मागनं बस आली. माझ्याजवळ येताच तिची एक खिडकी खाडकन उघडली आणि बसूअण्णा कमरेपर्यंत बाहेर आले.

"काय रं तम्मा! बिगी बिगी जाणार हुतास की! ह्यो काय बिगी बिगी?"

माझं खोटं त्यांनी कधी ओळखलं होतं कोण जाणे. बहुतेक तिथंच, पुलावर. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि मी ओरडलो, "खिडकी लावा की अण्णा! छातीला वारं लागंल!"

"लावतो! तू मर!" असं म्हणून खिडकी बंद झाली. आत बाकीचे थंडीनं बोंबलत होते, ते बाहेरपर्यंत ऐकू आलं.

मग ते रोजचंच झालं. पुलावर बस मला गाठायची, खिडकी उघडायची, अण्णा काहीतरी वाकडं बोलायचे आणि मी खिडकी लावायला सांगायचो. मी पुलाच्या आधीच रेंगाळायला लागलो, म्हणजे बसनं मला नेमकं पुलावर गाठावं. जेमतेम दोन वाक्यांचा व्यवहार, पण घरी गेल्यावर स्टोव्हपाशी मी त्या दोन वाक्यांवर हसत बसायचो.

माघ संपता संपता मुलानं अण्णांची नोकरीच सोडवली. डॉक्टरनं धुळीचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं होतं. कंपनीत शाल-नारळ झाला, अण्णांनी भाषण म्हणून फक्त "बरंय" म्हटलं आणि मुलगा त्यांना गाडीत घालून गावी घेऊन गेला. आता ते तिकडंच असतात. तोंडाशी दम्याचा पंप धरून उन्हात बसतात. फोन केला तर दमा बोलू देत नाही, दोन शब्दांतच फोन सुनेच्या हातात जातो. मी पुढं नोकरी पुरी केली, हिवाळे काढले, निवृत्त झालो. आता सकाळी सायकल काढतो तेव्हा रंगीत कपड्यांतली शहरातली सायकलवाली मंडळी भेटतात. त्यांची जाकिटं खरोखर चांगली असतात, वारं आत येऊ देत नाहीत. आमच्या वर्तमानपत्रापेक्षा शंभर पटींनी बरी. एकदा एकजण शियेपासून बावड्यापर्यंत माझ्या पुढं चालला होता, मी त्याच्या पाठीआड. फार बरं वाटलं. मग त्यानं "येतो काका" म्हणून वेग घेतला.

पण मला सांगायचं होतं ते त्या शाल-नारळाच्या दुसऱ्या सकाळचं. मी गेटाबाहेर पडलो, फाटा ओलांडला, ऊस मागं टाकला. अण्णा गेलेत हे मला पक्कं ठाऊक होतं. आदल्या दिवशी त्यांची पेटी मीच गाडीत ठेवली होती. तरी पुलाच्या अलीकडं माझे पाय आपोआप हळू झाले. पुलावर आलो आणि मागनं बसचा आवाज आला. ती बरोबरीला आली तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "खिडकी लावा की अण्णा!"

बस पुढं निघून गेली. तिच्या सगळ्या खिडक्या लावलेल्या होत्या.